त्याच चुलीवरचं बेट

आंजी (मोठी) गावातल्या एका घरात कालनिर्णयच्या मे महिन्याचं पान यंदा मार्चपासूनच उलटून पाहिलं जातंय. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, नात्यातल्या दोन लग्नांच्या तिथी असा नेहमीचा मजकूर त्यावर आहेच. त्यात भर पडली आहे ती हिरव्या पेनानं केलेल्या एका लांबट गोलाची. सात दिवस त्या गोलात आहेत आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, ‘विमान’.

हे घर निवृत्त भूगोलशिक्षकाचं. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला काकू. घरची थोडी शेती आहे. वर्धा–आर्वी रस्त्यावरच्या कुठल्याही शेतकरी घरात सहलीची तारीख आधी वावर ठरवतं, मग माणसं. मृगाच्या आधी परत यायला हवं, कारण पेरणी कुणासाठी थांबत नाही. पोळा झाला की गणपती आणि लगेच पऱ्हाटीची फवारणी. दिवाळीपासून वेचणी. मग तूर, मग हरभरा. फरदडीचा शेवटचा कापूस विकून झाला आणि उन्हाळवाही उरकली की जेमतेम तीन-चार आठवडे हाताशी येतात, आणि ते नेमके मे महिन्यातले, वर्ध्यात पारा पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांवर जातो तेव्हाचे.

नागपूरला नोकरी करणाऱ्या लेकीनं तीन नावं काढली होती: अंदमान, बाली, मॉरिशस. नातवाला समुद्र हवा होता. गुरुजींची अट एकच होती. आयुष्यभर फळ्यावर खडूनं काढलेला ज्वालामुखी एकदा डोळ्यांनी पाहायचा. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे, पण तिथे वस्ती नाही आणि मुक्कामाची सोयही नाही. पाहायचा तो दुरून, बोटीतून. बालीवर घरातलं मत एक होईना. राहता राहिलं मॉरिशस. हिंदी महासागरातलं हे बेट पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस किलोमीटर रुंद, सबंध ज्वालामुखीतून वर आलेलं.

गुरुजींनी नकाशा उघडला आणि काकूंना समजावून सांगितलं की ते बेट काळ्या पाषाणाचं आहे. काकूंनी निवडायला घेतलेलं तुरीच्या डाळीचं सूप खाली ठेवलं.

“काळा दगडच पाहाचा असंल, तर आपल्या वावरात कमी हाय का?”

घरातले सगळे हसले. गुरुजी मात्र गप्प झाले. प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठं निघालं.

वर्धा जिल्हा जवळपास सगळाच त्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बसाल्टवर वसलेला आहे. धाम नदीच्या खोऱ्यातल्या कुणाही जुन्या माणसाला मातीच्या जाती विचाराव्यात. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी नावं तो बोटांवर मोजतो. खोल, चिकट, कापसाला मानवणारी ती काळी. दगडगोट्यांची, पाणी न धरणारी ती बरडी. मधल्या पायऱ्या मोरंड आणि खरडी. या सगळ्या एकाच दगडाच्या लेकी, कुणी जास्त झिजलेली, कुणी कमी. विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम, आणि मग पहार वाजायला लागते. तो आवाज आला की घरधनी ओळखतो, पाषाण लागला, आता सुरुंगाचा खर्च आला.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहत राहिला. शंकूसारखा डोंगर, त्याच्या टोकातून धूर, असं चित्र इथे नव्हतं. लाव्हा पाण्यासारखा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा थर आला. महाबळेश्वरकडे या थरांची जाडी दोन हजार मीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे येत येत ती कमी होते आणि नागपूरच्या आसपास हा पाषाण संपतो. झिजून उरलेला पसाराच आज पाच लाख चौरस किलोमीटर आहे. भूशास्त्रात त्याचं नाव डेक्कन ट्रॅप. आंजी या पसाऱ्याच्या पूर्वेकडच्या अंगाला बसलेली आहे.

काकूंना हे नवीन नव्हतं, फक्त त्यांनी ते वेगळ्या गोष्टीतून ऐकलं होतं. समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे, तिच्यावर शेख फरीद बाबांचा दर्गा. वर्ध्यातल्या सगळ्या जातिधर्मांची माणसं तिथे जातात. त्या टेकडीवर गोल, सुपारी-जायफळासारखे दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल, नारळासकट, दगड होऊन पडला, अशी त्यामागची कथा. काकूंनी लहानपणी तिथून दोन दगड पदराला बांधून आणले होते. त्यातला एक अजून देवघरामागच्या कोनाड्यात आहे. पेरूएवढा, बाहेरून मळकट, एका बाजूला टवका उडालेला, आणि त्या टवक्यातून आत पांढरट, तंतूतंतूंची चमक दिसते. थिजणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून राहतात. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं भरली. भोवतालचा पाषाण झिजून गेला आणि भरलेले गोळे तेवढे उरले. गुरुजींनी तो दगड नातवाच्या तळहातावर ठेवला आणि सांगितलं, हा आपल्या जिल्ह्यातल्या ज्वालामुखीचा श्वास आहे, जागच्या जागी गोठलेला.

आता मॉरिशस. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी उष्ण द्रव्याचा स्तंभ वर येत राहतो आणि त्याच्या डोक्यावरून भूपट्ट सरकत जातात. पेटता दिवा जागेवर ठेवून वरून पळसाची पत्रावळ हळूहळू ओढत नेली, तर तिच्यावर एकामागून एक डाग पडत जातील. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना तसंच झालं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. पहिला आणि सर्वांत मोठा डाग म्हणजे दख्खन. मग लक्षद्वीप, मालदीव आणि छागोसची समुद्रातली रांग. पुढे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी त्याच दिव्यानं मॉरिशस उभं केलं. तो दिवा आज मॉरिशसपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. मॉरिशस मात्र कित्येक हजार वर्षांपासून शांत आहे.

म्हणजे काकू बोलल्या ते खरंच होतं. वावरातला दगड आणि त्या बेटाचा दगड एकाच चुलीवरचे. एक भाकरी आधी उतरली, दुसरी फार मागून.

यानंतर सहलीच्या आखणीचा नूर बदलला. लेकीच्या फोनमध्ये हॉटेलांची यादी होती, गुरुजींच्या वहीत दुसरीच यादी वाढू लागली.

आधी हवामान. आंजी विषुववृत्ताच्या उत्तरेला जेवढी, जवळपास तेवढंच ते बेट दक्षिणेला आहे. दोन्हीकडे अक्षांश विशीच्या आसपास. त्यामुळे ऋतू अगदी उलटे. विदर्भ भाजून निघतो त्या मे महिन्यात मॉरिशसला हिवाळ्याची सुरुवात होते. ऊन असतं, पण अंगावर घ्यावंसं वाटेल असं. चक्रीवादळांचा काळ मुख्यतः जानेवारी ते मार्चचा. १९६० सालचं कॅरोल आणि १९७५ सालचं जर्व्हेझ ही वादळं तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. वारा आग्नेयेकडून येतो, म्हणून पूर्व किनाऱ्यावर त्याचा जोर जास्त आणि पश्चिम व उत्तर किनारा शांत. फ्लिक-अँ-फ्लाक किंवा ग्रँड बे इथली खोली वयस्कर माणसांना आणि पोहायला शिकणाऱ्या पोराला बरी पडते. बेटाभोवती प्रवाळांची जवळपास सलग कड आहे. लाटा त्या कडेवर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री इथे ती कड तुटली आहे. तिथे काळ्या कड्यांवर महासागर थेट आदळतो; तिथे पाहायचं, पाण्यात उतरायचं नाही.

प्रवास सोपा आहे. नागपूरहून मुंबई, मुंबईहून थेट विमानानं सुमारे सहा तास. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. घड्याळ दीड तास मागे करायचं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. चलनाचं नावही रुपयाच, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग. फेब्रुवारी २०२४पासून तिथे युपीआय सुरू झालं आहे, म्हणून लेक निश्चिंत आहे; काकूंनी तरी थोडी रोकड वेगळ्या पाकिटात ठेवलीच. बी-बियाणं, फळं, रोपं नेण्यावर बेटाचे नियम कडक आहेत, तेव्हा नेहमीची आंब्यांची पेटी रद्द झाली. जवसाची चटणी, तीळ घातलेल्या मेथीच्या पुऱ्या आणि भाजके पोहे एवढ्यावर भागवायचं ठरलं.

तिथे काय पाहायचं? क्युरपीप गावात त्रू-ओ-सेर्फ नावाचं विझलेल्या ज्वालामुखीचं मुख आहे. तीनेकशे मीटर रुंद, ऐंशी मीटर खोल, आत दाट झाडी आणि तळाशी पाणी. “लोणारसारखं?” नातवानं विचारलं. दिसायला तसं, पण घडणं निराळं. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटर रुंद आहे आणि ते आकाशातून आलेल्या उल्केच्या धडकेनं आपल्याच पाषाणात पडलं. क्युरपीपचं खालून आलेल्या आगीनं. गंगा तलाव हेही अशाच एका मुखात साचलेलं पाणी. महाशिवरात्रीला हजारो माणसं आपापल्या गावांतून चालत तिथे जातात, खांद्यावर कावड घेऊन.

शामारेल इथे सात रंगांची माती आहे. तांबडी, जांभळी, पिवळसर, तपकिरी अशा छोट्या टेकड्या, गवताचं पातं नाही. ही माती म्हणजे तोच बसाल्ट. जिथे पाऊस खूप, तिथे विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोखंड-ॲल्युमिनियमची भस्मं मागे उरतात. आपल्याकडे महाबळेश्वरचा तांबडा जांभा असाच झाला. जिथे पाऊस बेताचा, तिथे त्याच दगडाची काळी, ओलीनं फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी माती होते. आंजीच्या वावरात मे महिन्यात चालताना पाय जपून टाकावा लागतो तो यामुळेच. सगळा फरक पावसानं पाडला.

गुरुजींच्या वहीतलं एक पान मात्र निसर्गाचं नाही, आणि ते सगळ्यांत जास्त भरलं आहे.

मॉरिशसमध्ये उसाच्या शेतांतून फिरताना मधूनच काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतात. काही रचलेले, पायऱ्यापायऱ्यांचे, घराएवढे उंच. जमिनीत इतका दगड होता की तो वेचून बाजूला केल्याशिवाय कांडं लावता येत नव्हतं. तो वेचला मजुरांनी, हातांनी. ज्यानं बरडी जमिनीतले दगड वेचून धुऱ्यावर रचले आहेत, त्याला त्या ढिगाकडे पाहून किती पाठी मोडल्या असतील हे कुणी सांगावं लागणार नाही.

डचांनी ऊस आणला, फ्रेंचांनी गुलामांकडून तो वाढवला, १८१० साली ब्रिटिशांनी बेट घेतलं आणि १८३५ साली गुलामी कायद्यानं संपली. मळ्यांना माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘ॲटलास’ जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईसला लागलं. करारावर अंगठा, महिना पाच रुपये, वर शिधा; एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा. पुढच्या आठ-नऊ दशकांत असे सुमारे साडेचार लाख लोक गेले. बहुतेक बिहार आणि पूर्वांचलचे, काही तमिळ, तेलुगू. आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली मराठी माणसं.

त्याच काळात विदर्भाची काळी माती कापसात गुंतली. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ साली वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८६७ला रेल्वे नागपूरला पोहोचली. एकाच लाव्हाच्या मातीवर समुद्राच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कापूस, आणि दोन्ही जहाजांवर चढून विलायतेला. ही जोडी गुरुजींनी पस्तीस वर्षांत वर्गात कधी लावली नव्हती. आता त्यांना ती राहून गेल्याचं मनापासून वाईट वाटतं.

या सगळ्यात काकूंचा जीव अडकला तो नावांत. त्यांच्या पासपोर्टला दोन महिने उशीर झाला, कारण आधारवर नाव एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, आणि लग्नानंतरचं तिसरं. प्रतिज्ञापत्रं, फेऱ्या, पुन्हा फोटो. त्याच दिवसांत लेकीनं वाचून दाखवलं की मॉरिशसच्या कितीतरी मराठी कुटुंबांचं आडनाव म्हणजे बोटीतून उतरलेल्या पहिल्या पुरुषाचं पाळण्यातलं नाव आहे, बंदरावरच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. मूळ आडनाव आणि गाव अनेकांच्या घरातून पुसलं गेलं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. नंतरच्या काळातल्या मजुरांचे फोटोही आहेत. आजही माणसं तिथे येऊन खापरपणजोबाचं गाव शोधतात. काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माह्या नावाले तरी मी होती दुरुस्त कराले. त्यायचं कोन होतं?”

नावं गेली, पण बाकीचं टिकलं. हेन्रिएटा गावात भिवाजी घराण्यानं १८९६ साली गणपती बसवला. टिळकांनी पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आज गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे अजून नाचली जाते, मराठी शाळेत शिकवली जाते, आणि एप्रिल २०२३मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. घरातली रोजची बोली क्रिओल झाली तरी आरती मराठीतच म्हणतात. गाड्यावर मिळणारी ढोल पुरी म्हणजे डाळीचं पुरण भरलेली, तिखट रश्शासोबत खायची मऊ पोळी. पुरणपोळीच्या घरात वाढलेल्या माणसाला ती ओळखीचीच वाटेल.

आणि वर्ध्याच्या माणसाला तिथे आणखी एक ओळखीची खूण भेटते. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी मॉरिशसला उतरले आणि सुमारे तीन आठवडे राहिले. मळ्यांतल्या माणसांना त्यांनी सांगितलं, मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला. १९०७ला त्यांच्या सांगण्यावरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढले. पुढे १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले ते स्वराज्याशिवाय आश्रमात परतायचं नाही असं ठरवून. म्हणूनच तर ते पुढे वर्ध्याला आले आणि १९३६ला शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहिले. मॉरिशस स्वतंत्र झालं ते १९६८ साली. तिथले नेते शिवसागर रामगुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी तारीख निवडली १२ मार्च, दांडीच्या स्मरणार्थ. ज्या पावलानं सेवाग्रामची वाट धरली, त्याच पावलाचा दिवस त्या देशाचा राष्ट्रीय दिवस आहे.

पोर्ट लुईसच्या धक्क्यावर आप्रवासी घाट आहे, २००६पासून जागतिक वारसास्थळ. १८४९ साली बांधलेल्या त्या आवाराचा थोडाच भाग उरला आहे. त्यात सोळा पायऱ्या आहेत, काळ्या पाषाणाच्या. बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस त्या चढून वर यायचा आणि मग त्याला मळा नेमून मिळायचा.

लेकीच्या पहिल्या आराखड्यात पोर्ट लुईसला अर्धा दिवस होता, तोही बाजारासाठी. काकूंनी तो बदलायला लावला. आता सात दिवसांपैकी तीन समुद्राचे, नातवासाठी. एक शामारेल आणि गंगा तलावाचा, एक क्युरपीपच्या विवराचा, एक उसाच्या रानातून दक्षिणेकडे जाण्याचा. आणि पहिली सकाळ, सामान खोलीत टाकून लगेच, आप्रवासी घाटाची.

विदर्भातून दर उन्हाळ्यात कितीतरी कुटुंबं अशी बेटं शोधत निघतात. समुद्र त्यांना मिळो, पोरांना भरपूर खेळू द्यावं. फक्त मॉरिशसला जाणाऱ्यांनी एक सकाळ या पायऱ्यांसाठी काढावी. शिरायला तिकीट नाही. काकू तिथे हळद-कुंकवाची पुडी नेणार आहेत. कालनिर्णयवर हिरव्या गोलातल्या पहिल्या तारखेखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘सोळा पायऱ्या’.